आत्याबाईंची बेरीज

माझं काम काय, हे कुणाला सांगायची वेळ आली की मी पिशव्यांपासून सुरुवात करते. समजा बाजारातून सामान आणलं. डाळ एका पिशवीत, साखर दुसऱ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर आतल्या वस्तूचं नाव, आणि या सगळ्या पिशव्या एका मोठ्या थैलीत. मशीनला आपल्यासारखी समज नसते, ते पिशवीवरचं नाव वाचतं आणि त्यावर विश्वास ठेवतं. अशा तऱ्हेने बांधलेल्या माहितीला एक्सएमएल म्हणतात. ती थैली इंटरनेटवरून ज्या खिडकीत सरकवायची, ती वेब सर्व्हिस. खिडकीपलीकडेही माणूस नसतो, दुसरं मशीन असतं. ते थैली उघडून सगळं तपासतं आणि 'घेतलं' किंवा 'नाही घेतलं' एवढंच कळवतं. गेली दहा-बारा वर्षं मी हेच करते आहे. आधी संभाजीनगरच्या ऑफिसात बसून करायची, आता बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या सासरच्या गावात, माडीवरच्या खोलीत बसून करते.

लग्नानंतर हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पिशव्या भराचं काम हाय तुहं."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि आल्यावर तोंड बंद राहत नाही, हे आता घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. त्या दिवशी मात्र नवीन नवरी म्हणून गप्प बसले आणि तो राग पुढे बरीच वर्षं जपून ठेवला.

आत्याबाई सातवी शिकलेल्या. गावातल्या सत्तावीस बायकांचा सेंद्रिय शेतीचा गट त्यांनी उभा केला, तो कुणाच्या मदतीशिवाय. एकेकीच्या दारात जाऊन त्यांनी सांगितलं होतं, तीन वर्षं रासायनिक खत नाही, फवारणी नाही, तीन वर्षांनी प्रमाणपत्र. गावाच्या दोन्ही टोकांच्या बायका त्यांच्या शब्दावर आल्या. पहिल्या वर्षी एकीचं सोयाबीन निम्मंच झालं. तेव्हा तिच्या नवऱ्याची बोलणी आत्याबाईंनी तिच्या अंगणात उभं राहून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच वावरात निंबोळी अर्क घेऊन गेल्या. प्रत्येकीचं शेत कुठं, किती, त्यात काय पेरलं, हे सगळं त्या एका लाल वहीत लिहीत. वहीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

मी सांगते आहे ते तिसरं वर्ष. थंडीचे दिवस होते, तुरीच्या शेंगा भरत होत्या. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने यंदा कागद बंद करून सगळी माहिती ऑनलाइन मागितली होती. तिसऱ्या वर्षाची नोंद मुदतीत गेली नाही तर गटाला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, असा नियमच होता. आत्याबाईंनी तो नियम वाचला, वही मिटली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ऑनलाइन म्हणजे पेजवर एकेक शेत भरायचं. सत्तावीस बायकांची साठेक शेतं. पाच-सहा शेतं भरली की पेज आपल्याला बाहेर काढायचं आणि भरलेलं सगळं पुसून टाकायचं. गटातली एक शिकलेली सून आठवडाभर भरत बसली आणि शेवटी रडकुंडीला आली. मग मी माडीवरून खाली उतरले. काय सांगू, मी त्या दिवसाची वाटच बघत होते जणू. संस्थेची सूचना मी नीट वाचली. तिच्यात अगदी तळाशी लिहिलं होतं की मोठ्या गटांना एक्सएमएल थैली थेट वेब सर्व्हिसला पाठवता येईल.

"आत्याबाई, वही द्या," मी म्हणाले, "एका फटक्यात पाठवते."

त्यांनी वही दिली. वही माझ्या हातात देताना त्यांचा हात जरा वेळ तिच्यावरच राहिला. मी ते पाहिलं आणि दुर्लक्ष केलं.

दोन दिवस बसून मी सगळी वही मशीनवर उतरवली. बाईचं नाव, शेताचा गट नंबर, क्षेत्र, पीक. आत्याबाईंचं अक्षर टपोरं आणि आकडे स्वच्छ. क्षेत्रापुढे १.३०, ०.३०, २.१० असं लिहिलेलं, आणि प्रत्येकीच्या शेतांखाली त्यांनी केलेली बेरीज. शेवटच्या पानावर सगळ्या गटाची बेरीज, ८७.३०, तिच्याखाली दोन रेघा. मी जसंच्या तसं उतरवलं. शेताला पिशवी, शेताच्या आत क्षेत्राला पिशवी, बेरजेला वेगळी पिशवी. सुंदर थैली झाली होती. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, संध्याकाळी सहाला खिडकी बंद होणार होती. सकाळी अकराला ओसरीत पंधरा-वीस बायका जमलेल्या असताना, सगळ्यांना दिसेल अशी मी ती पाठवली.

दहा सेकंदांत परत आली. नाकारली.

कारण लिहिलं होतं, अकरा सभासदांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही. खाली अकरा नावं. पहिलं नाव काकींचं. काकी म्हणजे आत्याबाईंच्या धाकट्या चुलत जाऊ, गटात शेवटी आलेल्या आणि सगळ्यात आधी बोलणाऱ्या. मी वही उघडली. काकींची दोन शेतं, १.३० आणि ०.३०. आत्याबाईंनी खाली लिहिलं होतं २.२०. मी मोबाइलवर बेरीज केली, १.६० आली. पुढचं नाव काढलं, तीच गत. तिसरं काढलं, तीच गत.

"काय झालं वं?" आत्याबाईंनी विचारलं.

"बेरजा चुकल्यात तुमच्या. अकरा जणींच्या."

"कोण्या अकरा? म्या एकडाव वरून करते, एकडाव खालून करते. मंगच लिहते."

"मशीन चुकत नाही, आत्याबाई."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. आवाजही चढवलेला होता. आज आठवलं की कान गरम होतात, पण तेव्हा मला आत कुठंतरी बरंच वाटलं, हेही खरंच सांगते. पिशव्या भराचं काम म्हणाल्या होत्या ना, आता बघा म्हणावं.

मी त्यांच्या सगळ्या बेरजा काढून टाकल्या, मशीनला नव्याने बेरीज करायला लावली आणि थैली पुन्हा पाठवली. या वेळी अकरा नावं आली नाहीत. एकच ओळ आली, आणि ती वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागील वर्षाची नोंद ८७.७५ एकर, आलेलं क्षेत्र ७१.१० एकर. क्षेत्र कमी झाल्याचा खुलासा करा, अन्यथा गट अपात्र ठरेल.

मागच्या वर्षी कागदावर नोंद होती. संस्थेच्या माणसाने स्वतः वावरं फिरून ती केली होती. आता माझ्यासमोर तीन आकडे होते. वहीत ८७.३०, संस्थेकडे ८७.७५, आणि माझ्या न चुकणाऱ्या मशीनकडे ७१.१०. तिन्हींचा एकमेकांशी मेळ नव्हता.

ओसरीत बातमी पोचायला वेळ लागला नाही, कारण मीच ती मोठ्याने वाचली होती. काकी उठल्याच.

"सोळा एकर वावर उंदरानं खाल्लं का बाई? तीन साल अळी पाहत बसली मी. फवारू नोको म्हणे, नाही फवारलं. निंबोळी मार म्हणे, मारली. घरच्यायचं ऐकून घेतलं. अन् आता म्हणता वावरच गायब! कोणाच्या भरवशावर बसलो आपण?"

कुणी काकींना गप्प केलं नाही. दोघी-तिघी आत्याबाईंकडे न बघता पदर सावरून उठायला लागल्या. तीन वर्षांत गटातली कुणी बाई त्यांच्या तोंडावर असं बोललेली मी ऐकली नव्हती. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा सगळा माज उतरला. या बाईकडे गावात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तिचा शब्द, आणि तो मी भर ओसरीत खोटा पाडला होता. आणि मला अजूनही कळत नव्हतं की नेमकं चुकलंय काय.

तेव्हा आत्याबाई खाली बसल्या. मांडी घालून, वही पुढ्यात ओढून.

"कोणी जाऊ नोका," त्या म्हणाल्या. "सुनबाई, बस अठी. मी तोंडानं करते, तू मशीनवर कर. एकेकीचं वाचू. माहं चुकलं असंल तर सगळ्याईसमोर चुकू दे."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. उठलेल्या बायका दाराशी थांबल्या.

"हिचंच घे पह्यलं," काकींकडे हात करून त्या म्हणाल्या. "हिरीजवळचं एक एकर तीस. नाल्याकडचं तीस गुंठे. तीस न तीस साठ. साठातून चाळीस गेले, त्याचा एक एकर झाला. एकर न एकर दोन. राह्यले वीस. दोन एकर वीस."

"एक पॉइंट साठ," मी म्हणाले. आणि तोंडातून निघता निघताच थांबले. "चाळीस कशाले गेले?" घाईत मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी हात कशाला असतात असं विचारलं असावं.

"कशाले म्हंजे? चाळीस गुंठ्याचा एकर असते."

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अजून एक. काकीसुद्धा बोलायच्या थांबल्या.

माझे वडील टपाल खात्यात नोकरीला. आम्ही वाढलो भाड्याच्या घरांत, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलत. आमच्या सात पिढ्यांकडे कुंडीएवढीही माती नव्हती. गुंठा हा शब्द मी प्लॉटच्या जाहिरातींत वाचला होता, एकर हा बातम्यांत. एकाचे किती दुसरे होतात, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडलाच नव्हता. आणि आत्याबाईंच्या वहीतलं ते टिंब! मला ते दशांशाचं वाटलं. इकडे तर सगळेच तसं लिहितात. टिंबाच्या अलीकडे एकर, पलीकडे गुंठे, मध्ये नुसती भिंत. घड्याळात आपण १.३० लिहितो आणि दीड वाजले म्हणतो, एक पूर्णांक तीन म्हणत नाही. दीड तासात अर्धा तास मिळवला की दोन होतात, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी मात्र साठेक शेतांवर ते टिंब दशांशाचं समजून चालवलं होतं. पिशवीवर एकर लिहून आत एकर आणि गुंठे एकत्र कोंबले होते आणि वर स्वतःला दोष द्यायचं सोडून तो आत्याबाईंना दिला होता. ज्यांच्या शेतांचे गुंठे मिळून चाळीसच्या वर जात होते, त्याच अकरा जणी अडकल्या होत्या. बाकीच्या सोळा जणींचंही क्षेत्र चुकीचंच गेलं होतं, फक्त ती चूक बेरजेत दिसत नव्हती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तीस गुंठे म्हणजे चाळीसातले तीस. म्हणजे पाऊण एकर."

"हाव. पाऊण."

"मशीनच्या भाषेत पॉइंट पंचाहत्तर."

"ते मले काय माईत?"

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. सत्त्याऐंशी एकर तीस गुंठे. म्हणजे सत्त्याऐंशी आणि पाऊण. ८७.७५. संस्थेचा माणूस वावरं फिरून, मोजून गेला आणि त्याने जो आकडा लिहिला, तोच या बाईने ओसरीत बसून, साठेक शेतांचे चाळीस-चाळीस बाजूला काढत, बोटांवर काढलेला होता. एका गुंठ्याचाही फरक नव्हता. मी एवढ्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

मग मी हात चालवले. बायकांपैकी कुणी गेलं नाही. एकीने चहा टाकला, एकीने लॅपटॉपवर ऊन येतं म्हणून दाराला चादर बांधली. मी प्रोग्राम बदलला. टिंबाच्या पलीकडचा आकडा वेगळा काढायचा, त्याला चाळीसने भागायचं, मग एकरात मिळवायचं. एवढंच, चार ओळींचं काम. पण पाठवायच्या आधी मी एकेक बाईचं नाव वाचलं, आत्याबाई वहीतून एकर-गुंठे सांगत गेल्या आणि मी मशीनवरचा आकडा सांगत गेले. दोन एकर वीस. अडीच, बरोबर. एक एकर दहा. सव्वा, बरोबर. प्रत्येक 'बरोबर'ला ती ती बाई मान हलवायची. मग हलवता हलवता सगळ्याच म्हणायला लागल्या, बरोबर! सत्ताविसाव्या नावापर्यंत ओसरी दणाणून गेली होती. पाढे म्हणताना शाळेत तसला आवाज यायचा.

चार वाजून गेले होते. मी थैली पाठवली. दहा सेकंद, मग अजून दहा. नेटवर्कचा गोळा फिरत राहिला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ नंतर बराच वेळ दिसत होते.

स्वीकारलं. सभासद सत्तावीस, एकूण क्षेत्र ८७.७५ एकर, तिसरं वर्ष पूर्ण.

मी ते तीनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्या दोन वेळा कुणाला ऐकूच आलं नाही. बायका उठून एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. कुणी फुगडी धरली, कुणी डोळे पुसत होतं. काकी गुळाचा अख्खा खडा घेऊन आल्या आणि पहिला तुकडा त्यांनी आत्याबाईंच्या तोंडात कोंबला.

"बोलली मी लय," काकी म्हणाल्या. "मनावर घेऊ नोका."

"तू कुठी बोलली," आत्याबाई गूळ चघळत म्हणाल्या. "आकडा बोलला."

पण मी बोलले होते, आणि मला ते तसंच सोडून द्यायचं नव्हतं. मी उभी राहिले. माफी मागणं मला जड जातं. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, सकाळी जितक्या मोठ्याने म्हणाले होते तितक्याच मोठ्याने. "चूक माझी होती. आत्याबाईंची एकही बेरीज चुकलेली नाही. एकही नाही. सकाळी मी जे बोलले ते मला न कळता बोलले."

आत्याबाईंनी हाताने मला खाली बस असं सुचवलं. डोळे मात्र भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. मी इतकी खूश होते की मला रडूच आलं. अमेरिकेतल्या बँकांच्या थैल्या मी पाठवल्या आहेत, एकदा ऑफिसात बक्षीसही मिळालं आहे. त्या दिवशीच्या ओसरीतल्या आनंदाच्या जवळपास त्यातलं काहीही येत नाही.

पाचच्या सुमाराला माझा फोन वाजला. नंबर संस्थेचा होता. नोंदी बघणारे साहेब बोलत होते, आवाज अगदी थकलेला.

"तुमच्या गटाची नोंद आत्ताच आली. आमच्याकडे सकाळपासून बऱ्याच गटांच्या परत जाताहेत, बेरीज जुळत नाही म्हणून. एक तासात खिडकी बंद होईल. तुम्ही काय दुरुस्ती केलीत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सगळं शब्दांत मांडून तयार होतं, टिंब, दशांश, चाळीसने भागाकार. मग समोर बघितलं. आत्याबाई वही पदराने पुसून ठेवायला निघाल्या होत्या.

"थांबा, साहेब," मी म्हणाले, "ज्यांनी दुरुस्ती केली त्यांनाच देते."

आत्याबाईंनी फोन आधी उलटा धरला, मग सुलटा. ऐकलं. ओसरीतल्या सगळ्या बायका आता त्यांच्याकडे बघत होत्या.

"हाव, मीच," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या, साहेब. चाळीस गुंठ्याचा एक एकर. टिंबाच्या अलीकडं एकर, पलीकडं गुंठे. बेरीज कराची तं चाळीस बाजूला काढत जाजा. मशीनले द्याचं असंल तर गुंठ्याले चाळीसनं भागजा. आमच्या सुनबाईनं तसंच केलं." मग पलीकडून काही विचारलं गेलं. त्यांनी मान ताठ केली.

"हाव, बाकीच्याईले द्या ना माहा नंबर. मलेच विचारू द्या. आज कवाही, पण उद्यापासून चारच्या आत नोको. तवा मी वावरात असते."